मास्तरांची तीन गिअरची सायकल

दिवाळी अंकवाल्यांचा माणूस परत परत घरी येऊन गेला. "तुमच्या धंद्याबद्दल काहीतरी लिहा," म्हणाला. मी म्हटलं, "पंक्चर काढण्याबद्दल काय लिहायचं? भोक सापडलं की ठिगळ लावायचं, झालं." तर म्हणे पंक्चर नको, गिअरबद्दल लिहा, सोलापुरात गिअरच्या सायकली पहिल्यांदा तुम्हीच बसवल्या असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. माझ्या आधी आमचे शेठ बसवत होते, आणि त्यांना मुंबईच्या कुणा कारागिरानं शिकवलं होतं. पण वय झालं की माणसाला नाही म्हणायचासुद्धा कंटाळा येतो. म्हणून बसलो लिहायला. उजव्या हाताचा अंगठा पाना फिरवून फिरवून वाकडा झालाय, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोष पान्याला द्यावा.

गोष्ट एकोणीसशे तीसच्या मागच्या-पुढच्या सालांतली. तेव्हा सोलापूर म्हणजे गिरण्यांचा भोंगा. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं, आणि नेमकी भोंग्याच्या तोंडावर निम्म्या गावाच्या सायकलींची हवा गेलेली असायची. शेठ गल्ल्यावर बसत, मी खाली पोत्यावर. माझे वडील सांगोल्याकडे मेंढरं राखायचे. मेंढरामागं चालून आपले पाय झिजले म्हणून त्यांनी मला चाकाच्या धंद्यात घातलं. पाय माझे खरंच वाचले, पण पाठ गेली.

आता गिअर म्हणजे काय ते सांगतो. आयुष्यभर सांगत आलोय, आणखी एकदा. गिअर म्हणजे सायकलीत जोर भरणारं यंत्र नव्हे. जोर तुमच्या पायात असेल तेवढाच. तो कसा खर्चायचा, एवढंच गिअर ठरवतो. पायडलापाशी मोठं दातेरी चक्र असतं, मागच्या चाकाला लहान. पुढचं जितकं मोठं आणि मागचं जितकं लहान, तितकी एका फेऱ्यात गाडी लांब जाते, आणि तितकाच पाय जड पडतो. म्हणजे वेग फुकट मिळत नाही, तो गुडघ्यातून वसूल होतो. एवढं कळलं की अर्धा धंदा कळला. गिऱ्हाइकाला मात्र ते कधी कळलं नाही. दुकानात आला की तो बोट लावून पुढच्या चक्राचे दात मोजायचा आणि विचारायचा, "याहून मोठं नाही का?" मी नाही म्हटलं की माझ्या तोंडाकडं असा बघायचा, जणू मोठं चक्र मी घरी लपवून ठेवलंय.

तीन गिअरचा विलायती हब ही त्या काळातली सगळ्यात भारी वस्तू. मागच्या चाकाच्या मधोमध बसणारा तो एक फुगीर डबा. आत लहान लहान दातेरी चाकं, आणि त्यांना धरणारी इवलीशी पोलादी कुत्री. आम्ही कारागीर त्यांना कुत्रीच म्हणतो, कारण ती दात धरतात आणि सोडत नाहीत. दांड्यावर एक खटका, खटक्याला तार. पहिला गिअर चढाला आणि समोरच्या वाऱ्याला, दुसरा रोजचा, तिसरा वारा पाठीशी असला की. दुसऱ्या-तिसऱ्यात काही कुत्र्यांना काम नसतं, ती दातांवरून घसरत राहतात आणि गाडी टिकटिक करते. पहिल्यात गाडी मुकी चालते. पाय थांबवले तर मात्र कुठल्याही गिअरात टिकटिकते. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं काहीतरी मोडलं. मी सांगायचो, वाजतंय तोवर निर्धास्त राहा.

वैरागचे एक पाटील आले होते. कुण्या साहेबाची गाडी बघून आलेले. म्हणाले, "त्या सायबाच्या गाडीला हाय तसलं बशीव."

मी म्हटलं, "पाटील, तुमची फेरी घरापासून मळ्यापर्यंत. सपाट रस्ता. कशाला पाहिजे?"

"तू बशीव की! लई बोलतोस."

बसवलं. पुढच्या वर्षी गाडी टायर बदलायला आली, तर खटक्याला फडकं गुंडाळलेलं. मी विचारलं, गिअर बदलत नाही का? पाटील म्हणाले, "बदलून बदलून झिजंल की! ठिवलाय तसाच. पावनं आलं की दावतो." असली माणसं आमच्या धंद्याला जगवतात, त्यांना हसून चालत नाही. पाटील गेल्यावर मात्र शेठ आणि मी पोट धरून हसलो होतो.

उलट नरसय्या. तेलुगू विणकर, खड्ड्याच्या मागावर बसणारा. दसऱ्याला हौशी लोक तुळजापूरच्या रस्त्यावर सायकलींची शर्यत लावायचे. त्यासाठी सगळे पुढचं चक्र मोठं करून घ्यायला दुकानाशी गर्दी करायचे. नरसय्या म्हणाला, "मिस्त्री, माझा पाय मागावर जसा पडतो, तसाच गाडीवर पडायला पाहिजे. जास्त नको, कमी नको." मी त्याच्या घरी जाऊन माग ऐकत बसलो. खट्, खट्, खट्, सबंध दुपार एकच चाल. त्या चालीला जमेल असं मागचं चक्र त्याला काढून दिलं, बाकीच्यांपेक्षा चांगलं हलकं. तो काही पहिला आला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागावर होता आणि पहिला आलेला जिन्याचा कठडा धरून उतरत होता. त्या दिवसापासून मी गिअर निवडताना आधी माणसाचा पाय बघायला लागलो आणि गाडी नंतर.

हे सगळं हलकंफुलकं झालं. ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते अजून हातून उतरत नाही, म्हणून इकडचं तिकडचं सांगतोय.

सिद्रामप्पा मास्तर आमच्या दुकानात पहिल्यांदा आले ते आषाढात. लिंगायत घरातले, कपाळावर विभूती, काळी टोपी, पन्नाशीकडं झुकलेले. घरी कानडी, शाळेत मराठी. लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते आणि नुकतीच त्यांची बदली मंगळवेढ्याच्या रस्त्यावरच्या, सीना नदीच्या अलीकडच्या एका खेड्यात झाली होती. घर सोलापुरात. रोज सकाळी सायकलनं जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं.

"गाडी चांगली आहे, मिस्त्री," ते म्हणाले. "पण पश्चिमेचा वारा छातीवर येतो बघा. ओढ्याच्या पुलापुढं उतरून ढकलावी लागते. शाळा भरलेली असते तोवर."

मी म्हटलं, "तिथंच खोली घ्या की मास्तर. या वयात रोज एवढं कोण जातं?"

मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूहळू सांगितलं. त्यांच्या बायकोला, गौरव्वांना, संधिवातानं खिळवलं होतं. हातपाय आखडलेले. कूस बदलायची तर दुसऱ्याचा हात लागायचा. मूलबाळ नाही. सकाळी मास्तर भाकरी करून, त्यांना भरवून, अंथरूण नीट करून निघत, दुपारी शेजारीण डोकावून जाई, संध्याकाळी मास्तर. खेड्यात वैद्य नाही, शेजारीण नाही, आणि बैलगाडीचा एक हिसकाही गौरव्वांना सोसत नव्हता. सर्व्हिस मोटार होती, पण ती भरेल तेव्हा सुटायची. म्हणजे सायकल चालली तर नवरा-बायको एका घरात राहणार, नाहीतर नाही. एवढं साधं होतं ते.

मी त्यांना गाडीवर बसवून रस्त्यावर पुढंमागं चालवायला लावली. पाय बघितला. श्वास बघितला. नुसतं मागचं चक्र बदलून भागलं असतं, पण मग वाऱ्याविरुद्ध जाताना सोपं आणि घरी येताना पाय नुसते भिरभिरणार, गाडी पुढं सरकणार नाही. त्यांना दोन्ही पाहिजे होतं. सकाळी हलकं, संध्याकाळी लांब पल्ल्याचं. म्हणजे तीन गिअरचा हब. आयुष्यात एवढा एकच हब मी स्वतःहून गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातला. शेठनी तो मुंबईहून मागवला.

बसवायच्या दिवशी मी डब्यातलं ग्रीस बोटावर घेतलं, तसे मास्तर दोन पावलं मागं सरकले.

"थांबा. ते काय आहे?"

"ग्रीस. चाकातल्या छऱ्यांना लागतं."

"त्यात चरबी असते म्हणतात."

असते की नाही, मला तरी काय ठाऊक? डब्यावर सगळं इंग्रजीत, तेही पुसट. शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "अहो मास्तर, ते चाकात जाणार आहे, पोटात नाही."

मास्तर हसले, पण हलले नाहीत. "गळ्यात लिंग आहे, शेठ. ज्या हातानं पूजा करायची त्याच हातानं ही गाडी धरायची. नको."

असली गिऱ्हाइकं आमच्याकडं पुष्कळ यायची, त्यामुळं मी वाद घातला नाही. ग्रीस पुसून टाकलं, पातळ यंत्राचं तेल घातलं आणि बजावलं, की दर आठवड्याला दुकानात येऊन दोन थेंब घालून घ्या, आणि खायचं तेल चुकूनसुद्धा घालू नका. मास्तर व्हय-व्हय म्हणाले. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मुद्दाम वाकडी वाट करून दुकानावरून गेले. टिकटिक करत आले, हात वर केला आणि टिकटिक करत गेले. त्यांच्या तोंडावर शाळा लवकर सुटलेल्या पोराचा आनंद होता. माझाही दिवस बरा गेला.

मग ते दुकानात येईनासे झाले. मला वाटलं, चाललंय म्हणजे चाललंय.

आश्विनात एका सकाळी गाडी ढकलत आले. तोंड उतरलेलं. म्हणाले, "मिस्त्री, पायडल रिकामं फिरतंय. पाय मारतो, चाकाला काही कळतच नाही."

आदल्या दिवशी अर्ध्या वाटेत हे झालं होतं. शाळेपर्यंत गाडी ढकलत नेली आणि घरापर्यंत ढकलत आणली. पोचले तेव्हा दिवे लागून गेले होते. दुपारनंतर शेजारणीकडं पाहुणे आलेले, ती काही डोकावली नाही. गौरव्वा कुशीवर वळायला गेल्या आणि खाटेवरून अर्ध्या खाली लोंबकळल्या. डोकं खाली, पाय वर. हाक मारून मारून घसा बसला होता.

"तिचा भाऊ अक्कलकोटला असतो," मास्तर म्हणाले. "घाण्याचा धंदा आहे त्याचा. तो केव्हाचा म्हणतोय, बैलगाडी पाठवतो, ताईला इकडं आणा. आज पहाटेच हो म्हणून निरोप धाडलाय. गादीवर गादी घालून नेतील. मी सुट्टीला जात जाईन." मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत आम्ही कधी वेगळे राहिलो नाही हो."

मी हब उघडायला घेतला. उघडता उघडेना. झाकण निघालं तेव्हा आत जे दिसलं ते बघून माझं डोकं फिरलं. सगळं पिवळं, चिवट, राळेसारखं. देवघरातल्या समईच्या बुडाशी जो थर बसतो, नखानं खरवडला तरी निघत नाही, तो थर. कुत्री त्यात रुतून बसलेली, दात धरणार कशी?

"मास्तर, यात काय घातलंत?"

"तेल."

"कुठलं?"

"घरचं. करडईचं. मेव्हण्याच्या घाण्याचं, अगदी शुद्ध. सोमवारी समईत तेल घालून झालं की पळीभर गाडीतही घालतो. तिच्यावरच सगळं चाललंय आमचं, म्हटलं तिलाही सोमवार पाळू दे."

मी भडकलो. दुकानातली माणसं बघत होती तरी भडकलो. म्हटलं, बजावून सांगितलं होतं ना, करडईचं तेल हवेनं आळतं, घट्ट होतं, तुम्ही दर सोमवारी देवाला दिवा लावलात आणि गाडीला गोंद! शेठनी वरून "हळू, हळू" केलं. मास्तर खाली मान घालून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, आवाज गेला म्हणजे गाडी मुरली. नवी असताना किती टिकटिकायची. हळूहळू गप्प झाली. हिनं मात्र सांगितलं होतं."

"कुणी?"

"घरातल्यांनी. म्हणाल्या, तुमच्या गाडीचा आवाज येत नाही हल्ली, मिस्त्रींना दाखवा. मी म्हटलं, तू आपली पडल्यापडल्या काहीतरी ऐकत असतेस."

मी पाना खाली ठेवला. माझ्या वडिलांना अंधारात सुद्धा कळायचं कुठलं मेंढरू मागं राहिलं ते, घुंगरावरून. खाटेवर पडलेल्या त्या बाईला गाडीचा आजार आमच्याआधी कळला होता.

"भावाला सांगा, बैलगाडी चार दिवस थांबवा," मी म्हटलं.

हब रॉकेलमध्ये भिजत टाकला. एकेक कुत्रं, एकेक छर्रा ब्रशानं घासला. दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही, शेठ कुरकुरले तरी. पण खरी अडचण पुढंच होती. घालायचं काय? ग्रीस नको, आणि दुकानातल्या तेलातही चरबी असेल अशी मास्तरांना शंका होती, म्हणूनच तर ते करडईकडं गेले होते. शेवटी गिरणीतल्या ओळखीच्या एका फिटरकडून सूत कातायच्या चात्यांना घालायचं पातळ तेल बाटलीभर आणलं. ते अत्तरासारखं पातळ असतं आणि कधी आळत नाही.

मास्तरांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला. "चरबी?"

"जमिनीतून निघतं, मास्तर. खडकाखालून. जनावराचा संबंध नाही."

बाटली परत एकदा उजेडात धरून म्हणाले, "मग चालेल." आणि लगेच, "पण तिला ऐकवायला पाहिजे. ती बरोबर म्हणाली तरच बरोबर."

म्हणून रविवारी मी गाडी घेऊन त्यांच्या घरी गेलो. एका बोळाच्या टोकाला दोन खोल्या. गौरव्वा खाटेवर. चेहरा गोरा, सुरकुतलेला, बोटं वाळक्या शेंगांसारखी वळलेली. पण डोळे अगदी ताजे.

"बर्री, कूड्री," म्हणाल्या. या, बसा. मी त्यांना अक्का म्हटलं, तर त्या मला लगेच तम्मा म्हणायला लागल्या. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मास्तर चहा ठेवायला आत गेले. मी गाडी उलटी करून चाक फिरवलं. टिक टिक टिक टिक.

अक्कांनी डोळे मिटून ऐकलं. "व्हय. आता बरोबर. हाच."

"तुम्हाला कसं हो कळलं आवाज गेला ते?"

त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तम्मा, दिवसभर लई दुखतंय. मी रडते. एकटीच असते, मग कोण बघतंय? सकाळी त्यांच्यासमोर रडले तर ते शाळेत जाणार न्हाईत. संध्याकाळी थकून येतात, तेव्हा बी दिसायला नको. बोळाच्या कोपऱ्यावर गाडी आली की टिकटिक ऐकू येते. तितनं दारापर्यंत येईतो मी उशीवर तोंड पुसून घेते. हात चालत न्हाईत की, उशीवरच घासावं लागतं. मधी आवाज गेला, तर ते एकदम दारातच. दोनदा त्यांनी बघितलं मला तसं." मग म्हणाल्या, "हे त्यांना सांगू नको हां."

मास्तर चहा घेऊन आले. मी खाली बघून प्यायलो. गिअर हलका पडावा म्हणून लोकांनी माझ्याकडं कामं आणली, वेग पाहिजे म्हणून आणली, पाहुण्यांना दाखवायला आणली. टिकटिकीसाठी गिअर लागतो हे त्या दिवशी कळलं. घरी येऊन मी बायकोला काही सांगितलं नाही.

अक्कलकोटहून आलेली बैलगाडी रिकामी परत गेली. पुढं मास्तर नेमानं तेल घालून घ्यायला यायचे आणि मी त्यांच्या हबाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. त्या हबाचा आवाज मी जपला. कुत्र्यांच्या स्प्रिंगा मऊ पडल्या की बदलायचो, झिजायच्या आधीच. ऊन, वारा, पाऊस, मास्तर दिवेलागणीच्या आत घरी पोचत राहिले, आणि अशी दोन-तीन वर्षं गेली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अक्का गेल्या. छातीत कफ साठला, फार हाल झाले नाहीत. मी मातीला गेलो होतो. मास्तर रडले नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला सांगत राहिले.

मग पुष्कळ दिवस मास्तर दिसले नाहीत. एका संध्याकाळी आले. गाडी भिंतीला लावली आणि पोत्यावर माझ्या शेजारीच बसले. इतक्या वर्षांत ते कधी पोत्यावर बसले नव्हते.

"मिस्त्री, हा आवाज बंद करता येईल का?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "का? नीट वाजतंय की. वाजतंय म्हणजे चांगलंय."

"चांगलंच आहे. पण बंद करता येईल?"

मी म्हटलं, जाड ग्रीस भरलं तर आवाज दबेल, पण कुत्री परत अडकतील. ग्रीस म्हटल्यावर ते दचकतील असं मला वाटलं. ते दचकलेसुद्धा नाहीत. मी म्हटलं, हब काढून साधं चाक घालतो.

"साधं नको. सकाळचा वारा सोसत नाही." मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "ती माझा आवाज ऐकून तोंड पुसायची. तिला वाटायचं मला ठाऊक नाही."

मी त्यांच्याकडं वळलो.

"ठाऊक होतं हो. पहिल्यापासून. तोंड कोरडं आणि उशी ओली असायची. म्हणून मी कोपऱ्यावर उतरायचो आणि गाडी हळू हळू, उगीच पायडल उलटं फिरवत आणायचो. जास्त वाजायला पाहिजे म्हणून. तिला घाई होऊ नये. मधल्या काळात आवाज गेला तेव्हा मला कळलं नाही असं नाही. दोनदा रडताना दिसली तरी म्हटलं, आजच जास्त दुखलं असेल, एरवी कमी झालंय, आता पुसायला फार वेळ लागत नसेल. माणूस स्वतःला काय काय सांगतो. आता कोपऱ्यावर आलो की गाडी वाजायला लागते, आणि आत कुणी नाही."

हातातल्या चिंधीनं मी दांडा पुसत राहिलो, तो स्वच्छ होता तरी. शेवटी मला जे येत होतं तेच सांगितलं.

"मास्तर, पहिल्या गिअरात ती वाजत नाही. पाय मारत राहायचं, थांबवायचा नाही. मग मुकी चालते."

"पहिल्यात," ते म्हणाले. उठले, टोपी घातली, खटका पहिल्यावर ओढला आणि गेले.

पेन्शन होईपर्यंत मास्तर त्याच खेड्यात नोकरीला होते. रोज संध्याकाळी आमच्या दुकानावरून जायचे. पाठीशी वारा, समोर सपाट रस्ता, आणि गाडी पहिल्या गिअरात. पाय भिरभिर फिरतायत, गाडी मात्र चालत्या माणसाच्या वेगानं सरकतेय. आमच्यापुढच्या उतारावर सगळी दुनिया पाय थांबवून आरामात घरंगळायची, मास्तर तिथंही पायडल मारत राहायचे. दिवेलागण होऊन गेलेली असायची, पण त्यांना आता त्याचं काही नव्हतं. तेल घालायला ते मात्र नेमानं यायचे. मी घालून द्यायचो आणि चाक फिरवून बघत नसे.

एकदा दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. मिलमधला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, नवा हब बसवून घ्यायला आलेला. मास्तर जाताना बघून तो मोठ्यानं हसला.

"एवढं भारी यंत्र बशिवलंय आन् म्हातारा चालवतोय बघा कसा! मिस्त्री, त्यास्नी गिअर बदलायचं शिकिवलं न्हाय व्हय?"

"येतं त्यांना," मी म्हटलं, आणि त्याच्या गाडीची चेन ताणायला घेतली.